दुतोंडी बूट

सप्टेंबर २०१६. न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये ‘हूड बाय एअर’ या लेबलचा शो चालू होता. रॅम्पवर येणाऱ्यांचे केस चिकट, ओलसर जेलने डोक्याला चापून बसवलेले. काही कपड्यांवर ‘पॉर्नहब’ हे नाव ठळक छापलेलं, कारण शोला पैसा पुरवणाऱ्यांत ती कंपनीही होती. चालणाऱ्यांमध्ये वोल्फगांग टिलमन्स हा जगद्विख्यात जर्मन छायाचित्रकार होता. आणि काहींच्या पायांत काउबॉय बूट होते, ज्यांना पुढे एक चवडा होता आणि मागे दुसरा. दोन बूट टाचेला टाच लावून जोडावेत, तसे. माणूस येतोय की जातोय हे पायांकडे पाहून कळू नये, अशी व्यवस्था.

ते बूट लगेच जगभरच्या फोनवर पोचले. सात महिन्यांनी, एप्रिल २०१७ मध्ये, लेबलने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

त्याआधीच्या तीन वर्षांत या मंडळींनी जवळजवळ सगळं मिळवलं होतं. पॅरिसच्या एलव्हीएमएच समूहाचा पुरस्कार, अमेरिकन डिझायनरांच्या परिषदेचा पुरस्कार, पुरुषांच्या कपड्यांची पंढरी मानल्या जाणाऱ्या फ्लॉरेन्सच्या ‘पिटी उओमो’ जत्रेत खास पाहुण्याचा मान. नाव झालं, गर्दी झाली, नक्कल करणारे झाले. आणि दुकानाला कुलूप लागलं. त्याच शहरातून, त्याच काळात आलेलं आणखी एक लेबल मात्र आज स्वतःच्या मालकीचं आहे, आणि त्याने ब्रॉडवेवर दुकान थाटलं आहे. मैदानावरचे कपडे आणि डिवचणारी फॅशन यांची सांगड घालणाऱ्या या स्वतंत्र डिझायनरांपैकी कोण टिकलं, कोण विकलं गेलं आणि कोण थांबलं, हे पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते. कपडा किती धीट आहे यावर त्यांचं भवितव्य फारसं ठरलं नाही. पैसे कोण देतं आणि केव्हा देतं, यावर ते ठरलं.

मैदानातून रस्त्यावर

आधी हूडीबद्दल. टोपी जोडलेला हा जाड सुती सदरा १९३० च्या दशकातला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे, रॉचेस्टर शहरात, पुढे ‘चॅम्पियन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने तो बनवला, तो गारठलेल्या गोदामांत राबणाऱ्या कामगारांसाठी आणि सरावाच्या मधल्या वेळात अंग गार पडू नये म्हणून खेळाडूंसाठी. तिथून तो विद्यापीठांत गेला आणि १९७० च्या दशकात ब्राँक्सच्या गल्ल्यांत. रात्री भिंती आणि आगगाडीचे डबे रंगवणाऱ्या पोरांना चेहरा झाकायला टोपी हवीच होती.

कंपन्यांना या गिऱ्हाइकाची किंमत उशिरा कळली. क्वीन्समधल्या हॉलिस वस्तीतल्या रन-डीएमसी या त्रिकुटाने १९८६ मध्ये आदिदासच्या बुटांवर गाणं केलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना बूट हातात घेऊन उंचावायला सांगितलं. हजारो बूट वर गेले आणि ते पाहायला आलेल्या आदिदासच्या माणसांनी पुढे या गायकांशी करार केला.

पण तोच कपडा काळ्या अंगावर असला की व्यवस्थेच्या डोळ्यांत खुपे. ऑक्टोबर २००५ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए या संघटनेने खेळाडूंसाठी पोशाखाचे नियम काढले. संघाच्या कामासाठी बाहेर पडताना बिनबाह्यांचे शर्ट नकोत, डोक्याला बांधायची फडकी नकोत, कपड्यांवरून मिरवलेल्या साखळ्या नकोत. ॲलन आयव्हरसनसारख्या खेळाडूने उघड विरोध केला, कारण रोख कोणत्या मुलांवर आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडात हूडी घातलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या मुलाला वस्तीवर पहारा देणाऱ्या एका स्वयंसेवकाने गोळी घातली. महिन्याभराने बॉबी रश हे खासदार प्रतिनिधीगृहात भाषण करता करता कोट काढून हूडीची टोपी डोक्यावर ओढू लागले, तेव्हा सभागृहात टोपी चालत नाही या नियमावर बोट ठेवून त्यांना बाहेर काढण्यात आलं. हूड बाय एअरचा जन्म २००६ चा, म्हणजे एनबीएच्या नियमांनंतर वर्षभराच्या आतबाहेरचा. त्यांचा पहिला मोठा शो २०१३ चा. मधल्या काळात अमेरिकेत हूडी घालणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती.

आधीची दोन माणसं

या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. विली स्मिथ हा फिलाडेल्फियात १९४८ साली जन्मलेला कृष्णवर्णीय डिझायनर. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या नामांकित संस्थेत शिकायला गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. १९७६ मध्ये लॉरी मॅले या सहकारी स्त्रीच्या आग्रहाने तो मुंबईला आला. सुती, नैसर्गिक धाग्यांच्या कपड्यांचा छोटासा संग्रह इथे तयार झाला आणि त्यातून ‘विलीवेअर’ ही कंपनी उभी राहिली. ढगळ विजारी, सैल जाकिटं, धुऊन वापरता येईल असं कापड, आवाक्यातली किंमत. दोन वर्षांत पुरुषांचे कपडेही आले. राणीसाठी कपडे करण्यापेक्षा तिची मिरवणूक पाहायला रस्त्यात उभ्या असलेल्या लोकांसाठी ते करावेत, असं त्याचं म्हणणं.

स्मिथच्या शोरूममध्ये १९८२ साली ‘साइट’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने रस्ताच आत आणला. तारेचं कुंपण, विटा, अग्निशमनाचे नळ, सगळं करड्या रंगात रंगवलेलं. पुढच्या वर्षी त्याला फॅशनमधला ‘कोटी’ पुरस्कार मिळाला. ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याने १९८५ मध्ये पॅरिसचा पाँ नफ हा पूल कापडात गुंडाळला, तेव्हा तिथल्या कामगारांचे गणवेश स्मिथनेच केले. १९८७ मध्ये भारताच्या फेरीनंतर तो आजारी पडला आणि एप्रिलमध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एड्सशी निगडित गुंतागुंतीने गेला. त्याच्यावर न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाने मोठं प्रदर्शन भरवलं ते २०२० च्या मार्चमध्ये, आणि महासाथीमुळे काही दिवसांतच त्याचे दरवाजे बंद झाले. मधली तेहतीस वर्षं फॅशनच्या इतिहासाने त्याला जवळजवळ विसरूनच काढली होती.

दुसरा माणूस हार्लेमचा. डॅनियल डे, उर्फ डॅपर डॅन. त्याने १९८२ मध्ये १२५ व्या रस्त्यावर दुकान उघडलं, आणि ते चोवीस तास उघडं असे. गुची, लुई व्हिताँ, फेंडी या कंपन्या त्याच्या गिऱ्हाइकांना मोजत नव्हत्या. मग त्याने चामड्यावर या कंपन्यांची चिन्हं स्वतः छापायचं तंत्र शिकून घेतलं आणि त्या कंपन्यांनी कधी न केलेली जाकिटं, ट्रॅकसूट, अगदी मोटारींची आसनंही त्यात मढवली. मुष्टियोद्धे, धावपटू, रॅपर आणि गल्लीतले पैसेवाले त्याच्याकडे येत. १९८८ मध्ये माइक टायसनची एका जुन्या प्रतिस्पर्ध्याशी पहाटे हातापायी झाली ती याच दुकानासमोर, आणि त्या बातमीने कंपन्यांच्या वकिलांना पत्ता सापडला. छापे पडू लागले. फेंडीच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांमध्ये सोनिया सोटोमेयर होत्या, आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेल्या. १९९२ मध्ये दुकान बंद झालं.

स्मिथने मोठ्या कंपनीची वाट न धरता स्वस्त आणि चांगला कपडा काढला. डॅनने मोठ्यांचं चिन्ह उचलून स्वतःच्या लोकांच्या अंगावर चढवलं. पुढे जे जे झालं, त्यातलं बरंचसं या दोन वाटांवरच झालं.

ब्रुकलिनची पोरं

शेन ऑलिव्हर हा त्रिनिदादहून आलेल्या आईचा मुलगा, ब्रुकलिनमध्ये वाढलेला. समलिंगी आणि ट्रान्स मुलांना निर्धास्त शिकता यावं म्हणून मॅनहॅटनमध्ये चालवल्या जाणाऱ्या हार्वे मिल्क शाळेत तो जात असे. राऊल लोपेझ डोमिनिकन स्थलांतरितांच्या घरातला, विल्यम्सबर्गच्या दक्षिण भागातला. २००६ मध्ये, विशीच्या आसपासच्या या पोरांनी टी-शर्टांवर छपाई करून विकायला सुरुवात केली. तेच हूड बाय एअर. ऑलिव्हर फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काही काळ गेला आणि सोडून आला. लोपेझ काही वर्षांनी स्वतःचं लेबल काढायला बाहेर पडला.

त्यांची खरी शाळा रात्रीची. हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स लोकांनी काही दशकं जोपासलेल्या ‘बॉल’ या स्पर्धा: ‘घराणी’ असलेल्या, पोशाखाच्या आणि चालीच्या. तिथे बँकेतल्या साहेबासारखं किंवा गल्लीतल्या दादासारखं दिसण्याचीही स्पर्धा होते. पुरुषीपणा हासुद्धा अंगावर चढवायचा एक पोशाख आहे, हे तिथे लहान पोरालाही कळतं. आणि दुसरं ठिकाण म्हणजे व्हीनस एक्स या डीजेने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘घेटो गॉथिक’ या नाचाच्या रात्री. त्यात ऑलिव्हरही संगीत वाजवत असे. काळे कपडे, साखळ्या, बास्केटबॉलच्या चड्ड्या आणि बायकी केशरचना तिथे एकाच अंगावर नांदत होत्या.

हूड बाय एअरचे कपडे या सगळ्याचं शिवणकाम होते. टी-शर्ट गुडघ्यापर्यंत लांब आणि चौकोनी. विजारीला अशा ठिकाणी चेन की ती उघडली की निम्मा पाय मोकळा. जाकिटाचे खांदे अमेरिकन फुटबॉलपटूच्या पॅडसारखे रुंद, आणि खाली घागऱ्यासारखा घेर. चालणारा पुरुष की स्त्री हे सांगण्याची तसदी शोमध्ये कोणी घेत नसे. छातीवर मात्र ठळक अक्षरांत ‘एचबीए’. फेब्रुवारी २०१३ च्या शोमध्ये ए-सॅप रॉकी हा रॅपर स्वतः रॅम्पवर चालला. हिप-हॉपमधल्या पुरुषांना समलिंगी म्हणवून घेण्याची जी धास्ती असे, तिच्या पार्श्वभूमीवर ही साधी जाहिरात नव्हती. वर्षभराने शोच्या शेवटी बॉलच्या परंपरेतले नर्तक आले आणि लांब केस गरगरा फिरवत त्यांनी मंच ताब्यात घेतला.

मे २०१४ मध्ये एलव्हीएमएच समूहाने तरुण डिझायनरांसाठी पहिल्यांदाच पुरस्कार दिले. मुख्य पुरस्कार लंडनच्या थॉमस टेटला. विशेष पुरस्कार दोघांत विभागला गेला, प्रत्येकी एक लाख युरो आणि वर्षभराचं मार्गदर्शन. त्यातलं एक नाव हूड बाय एअर. दुसरं ‘म्युनिकू’, म्हणजे मुंबईच्या निकिता आणि टीना सूत्रधार या बहिणींचं लेबल. लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये शिकून आलेल्या या बहिणी मोठ्या भौमितिक आकारांत आणि सपाट रंगांत स्त्रियांचे कपडे बेतत होत्या. पॅरिसच्या श्रीमंत परीक्षकांना त्या वर्षी ब्रुकलिन आणि मुंबई एकाच रांगेत बसवावीशी वाटली. २०१५ मध्ये अमेरिकन डिझायनरांच्या परिषदेने पुरुषांच्या कपड्यांतला नवोदिताचा पुरस्कार ऑलिव्हरला दिला.

ऑर्डर वाढली की घोर वाढतो

मग हे थांबले कशामुळे? बाहेरून दिसणारं कारण म्हणजे ऑलिव्हरला हेल्मुट लँग या जुन्या, नावाजलेल्या कंपनीत एका संग्रहाचं निमंत्रण मिळालं, आणि लेबलच्या प्रमुख लेला वाइनरॉब या चित्रपट-दिग्दर्शिकेचंही स्वतःचं काम होतं. आतलं कारण शोधायचं तर स्वतंत्र लेबल कसं चालतं ते पाहायला हवं.

सप्टेंबरमध्ये शो होतो. त्यासाठी नमुन्याचे कपडे शिवायचे, जागा, दिवे, मॉडेल, संगीत. हा सगळा खर्च आधी. शोनंतर मोठ्या दुकानांचे खरेदीदार येतात आणि घाऊक ऑर्डर देतात. कपडे पोचवायचे पुढच्या वसंतात. तोवर कापडवाल्याला पैसे हवेत, कारखान्याला निम्मी रक्कम आगाऊ हवी. माल पोचल्यावर दुकान महिना-दोन महिन्यांनी बिल चुकतं करतं, तेही उशीर झाल्याबद्दल किंवा न खपल्याबद्दल कापून घेऊन. आपल्याकडे पेणचा मूर्तिकार वर्षभर उधारीवर शाडू आणि रंग घेतो आणि पैसा बघतो तो गणपतीत, तसाच हा धंदा. फरक एवढाच की इथे वर्षातून दोन-चार गणपती येतात आणि एकाची उधारी फिटायच्या आत दुसऱ्याची माती मळायला घ्यावी लागते. म्हणूनच ऑर्डर दुप्पट झाली तर डिझायनरला आनंदाआधी घोर लागतो, कारण भांडवलही दुप्पट हवं.

यात तग धरायला एकच गोष्ट मदत करते: नाव छापलेला टी-शर्ट. शिवायला सोपा, मापाची कटकट कमी, नफा जास्त. दुतोंडी बूट छायाचित्रांसाठी. छातीवर ‘एचबीए’ असलेला टी-शर्ट गल्ल्यासाठी. पण टी-शर्टाची नक्कल सगळ्यात आधी होते आणि त्याचा कंटाळाही सगळ्यात आधी येतो. त्यात ज्या दुकानांच्या जिवावर हा उद्योग उभा होता, तीच डळमळू लागली. बार्नीज २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेलं. नव्या डिझायनरांना आसरा देणाऱ्या ओपनिंग सेरेमनीने २०२० च्या सुरुवातीला दुकानं बंद करत असल्याचं सांगितलं.

कर्बी जाँ-रेमाँ या हैतीवंशीय ब्रुकलिनकराने ‘पायर मॉस’ या लेबलच्या सप्टेंबर २०१५ च्या शोची सुरुवात पोलिसांच्या अत्याचारांवरच्या लघुपटाने केली, तेव्हा काही खरेदीदारांनी पाठ फिरवल्याचं त्याने पुढे सांगितलं. कपडे तेच होते. घाऊक ऑर्डरवर जगणाऱ्याने किती डिवचायचं, याची हद्द अखेर खरेदीदार ठरवतो.

चाळीस डॉलरचा शर्ट

व्हर्जिल अब्लोने दुसरी वाट धरली. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डचा, घानाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. आई शिवणकाम करणारी. विस्कॉन्सिनमधून स्थापत्य अभियांत्रिकी, शिकागोतून वास्तुकला. २००९ मध्ये तो कान्ये वेस्ट या रॅपरबरोबर रोमला फेंडीत उमेदवारी करायला गेला, ज्या फेंडीच्या वकिलांनी डॅपर डॅनचं दुकान बंद पाडायला हातभार लावला होता त्याच. २०१२ मध्ये त्याने ‘पायरेक्स व्हिजन’ काढलं. राल्फ लॉरेनचे पडून राहिलेले चौकड्यांचे शर्ट साधारण चाळीस डॉलरला घ्यायचे, पाठीवर ‘पायरेक्स २३’ छापायचं आणि साडेपाचशे डॉलरला विकायचे. तेवीस हा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या पाठीवरचा आकडा. पायरेक्स ही स्वयंपाकाची काचेची भांडी, ज्यांत गल्लीत कोकेन शिजतं. गरीब वस्तीतल्या मुलाला वर चढायला दोनच शिड्या दिसतात, एक बास्केटबॉलची आणि दुसरी अमली पदार्थांची, हे सगळं एका शर्टाच्या पाठीवर. लोक हसले, रागावले आणि शर्ट संपले.

पुढच्या वर्षी मिलानमध्ये ‘ऑफ-व्हाइट’, आणि मार्च २०१८ मध्ये लुई व्हिताँच्या पुरुषांच्या विभागाचं प्रमुखपद. त्या जागेवर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय. नोव्हेंबर २०२१ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, हृदयाच्या दुर्मीळ कर्करोगाने तो गेला. त्याने कितीतरी मुलांसाठी दार उघडलं, यात शंका नाही. पण ते घर दुसऱ्याचं होतं. ऑफ-व्हाइटच्या नाममुद्रेचा मोठा वाटा त्याच्या अखेरच्या वर्षी एलव्हीएमएचने घेतला आणि २०२४ मध्ये नाममुद्रांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीला विकून टाकला.

आधी पैसे, मग बॅग

तेल्फार क्लेमेन्सचा जन्म १९८५ चा, क्वीन्समधला, आईवडील लायबेरियाचे. लहानपणीचा काही काळ तिकडे गेला आणि यादवी युद्ध भडकल्यावर कुटुंब परतलं. २००५ मध्ये, पेस विद्यापीठात लेखाशास्त्र शिकत असताना, त्याने आपल्याच नावाने लेबल काढलं. हिशेब शिकलेला डिझायनर ही दुर्मीळ जात आहे, आणि ते पुढे दिसलं.

त्याचे कपडेही मैदानातलेच: पोलो शर्ट, ट्रॅक पँट, बिनबाह्यांचे बनियन, पण खांदा उघडा पडावा असे कापलेले, नाड्या भलत्या ठिकाणी लावलेले, आणि पहिल्या दिवसापासून पुरुष-स्त्री असा भेद न करता बेतलेले. दहा वर्षं मोठ्या दुकानांना याचं काय करावं हे कळलं नाही. दरम्यान ‘व्हाइट कॅसल’ या स्वस्त बर्गरच्या उपाहारगृहांशी त्याची दोस्ती जमली. २०१७ मध्ये त्याने तिथल्या कर्मचाऱ्यांचे गणवेश केले आणि त्याच कपड्यांचा एक संच विकून आलेले पैसे रायकर्स बेटाच्या तुरुंगातल्या अल्पवयीनांच्या जामिनासाठी दिले. त्याच वर्षी त्याला चार लाख डॉलरचा फॅशन फंड मिळाला.

त्याला तारलं ते २०१४ मध्ये काढलेल्या एका खरेदीच्या पिशवीने. कृत्रिम चामड्याची, दुकानातल्या कागदी पिशवीच्या आकाराची, पुढे गोलात ‘टी’ आणि ‘सी’. तीन मापं, २०२० मध्ये लहान दीडशे डॉलर, मोठी २५७. नामांकित कंपन्यांच्या बॅगांच्या मानाने ही किंमत चिल्लर, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोत ती विद्यार्थ्यांपासून नर्सपर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर दिसू लागली. २०२० मध्ये ‘गॅप’ या कपड्यांच्या मोठ्या कंपनीबरोबर ठरलेला करार महासाथीत बारगळला. बॅगा मिनिटांत संपत होत्या आणि दलाल त्या दुपटीने विकत होते. ऑगस्टमध्ये तेल्फारने जाहीर केलं की चोवीस तास दुकान उघडं राहील, ज्याला जितक्या हव्या तितक्या बॅगा मागवाव्यात, पैसे आत्ता भरावेत, माल काही महिन्यांनी मिळेल.

एवढ्याने तीन दुखणी एकदम बरी झाली. भांडवल गिऱ्हाइकाने पुरवलं. किती बनवायचं हे आधीच कळलं, त्यामुळे पडून राहणारा माल उरला नाही. आणि ज्याला हवी त्याला बॅग मिळणारच असेल तर दलालाला काम कुठलं? टंचाईचा आव आणून किंमत चढवणं हा उंची फॅशनचा पाया. त्यालाच याने हात घातला. वर्षभराने टोकियो ऑलिम्पिकमध्ये लायबेरियाचे खेळाडू उतरले ते तेल्फारने केलेल्या गणवेशात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रॉडवेवर त्याचं दुकान उघडलं.

राऊल लोपेझही याच धड्यावर उभा राहिला. त्याच्या ‘लुआर’ने २०२१ मध्ये आईच्या नावाची ‘आना’ ही बॅग काढली, आणि पुढच्याच वर्षी तो ॲक्सेसरीजसाठी वर्षातला सर्वोत्तम डिझायनर ठरला. रुंद खांद्यांचे, वाद ओढवून घेणारे त्याचे कोट या बॅगेच्या आधारावर चालतात.

कायदा काय राखतो

मे २०१७ मध्ये गुचीने फ्लॉरेन्समध्ये एक जाकीट दाखवलं: फुगीर बाह्या, त्यांवर चिन्हांची नक्षी. डायन डिक्सन या ऑलिम्पिक धावपटूने आपलं १९८९ चं जुनं छायाचित्र लोकांपुढे ठेवलं. तसंच जाकीट, डॅपर डॅनने शिवलेलं. ज्याच्यावर चिन्ह चोरल्याचा ठपका होता, त्याचीच बाही आता कंपनीने उचलली होती. बोभाटा झाल्यावर गुचीने त्याच्याशी भागीदारी केली, आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याची कार्यशाळा गुचीच्या कापडानिशी उघडली.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कपडा ही उपयोगाची वस्तू आहे, म्हणून त्याच्या बेतावर हक्क मिळत नाही. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिअरलीडरांच्या गणवेशांवरून झालेल्या खटल्यात सांगितलं की कपड्यापासून वेगळी कल्पिता येईल अशी नक्षी, पट्टे, रंगरचना यांना संरक्षण मिळू शकतं. बाहीचा फुगा, विजारीतली चेन, दुतोंडी बुटाची कल्पना यांना मात्र नाही. नाममुद्रा मात्र पक्की राखली जाते. म्हणजे डिझायनरने अक्कल लढवावी कापण्यात आणि पोट भरावं नाव छापून, असं कायदाच सांगतो. छातीवरची ती मोठी अक्षरं नुसत्या मिरवण्याची नाहीत.

हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये ज्या चपला दाखवल्या, त्या पाहून महाराष्ट्रात गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. पण प्राडाने त्यांना ‘कोल्हापुरी’ म्हटलंच नव्हतं, नुसत्या चामडी चपला म्हटलं होतं. आणि मानांकन मुख्यतः नाव राखतं. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. हार्लेममध्ये झालं ते असंच: आधी उचल, मग बोभाटा, मग हातमिळवणी. अशा हातमिळवणीत कारागिराच्या हाती काय पडतं, हे त्याला स्वतःचं गिऱ्हाईक आहे की नाही यावर अवलंबून असतं. डॅनच्या मागे हार्लेम उभं होतं, त्याला कित्येक वर्षं ओळखणारं.

किंमत कोणी ठरवायची

ऑलिव्हर संपला नाही. २०२० मध्ये त्याने हूड बाय एअर पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द शेड’ या कलाकेंद्रात कपडे, संगीत आणि नाट्य एकत्र करणारे प्रयोग केले. पुरुषाचं शरीर कपड्यात कसं दिसू शकतं, याबद्दल या पिढीत त्याच्याइतका पुढचा विचार क्वचितच कोणी केला असेल. आज रस्त्यावर दिसणारे ढगळ, चौकोनी टी-शर्ट घालणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मुलांना त्याचं नावही ठाऊक नसेल. मोठ्या कंपन्यांनी त्याच्याकडून आकार घेतला. त्याची उधारी मात्र त्याच्याकडेच राहिली.

तेल्फारने मार्च २०२३ मध्ये आणखी एक उलटापालट केली. नव्या कपड्याची विक्री घाऊक भावाने सुरू करायची आणि किंमत सेकंदासेकंदाने पूर्ण भावाकडे चढत न्यायची. ज्या किमतीला माल संपेल, तीच त्या कपड्याची कायमची किंमत. म्हणजे ज्याला मागणी सर्वाधिक, तो लवकर संपणार, आणि म्हणून तोच सर्वांत स्वस्त. बाजार इतकी वर्षं ज्या नियमावर चालत आला, त्याच्या नेमकं उलट. ते टी-शर्ट आणि ट्रॅक पँट दिसायला अगदी साधे होते. गेल्या वीस वर्षांत न्यूयॉर्कच्या स्वतंत्र डिझायनरांनी जे काही केलं, त्यात मला सगळ्यात आगाऊ वाटतं ते हेच, कारण यात डिवचलं गेलं ते बघणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला.